कडूकंदाची गाठ

दिवाळीची शिलाई संपली की माझ्या पायांचं बिनसतं. दोन महिने मशीनखाली त्यांना उसंत नसते. बायकांचे ब्लाऊज, मुलांचे गणवेश, कुणाच्या हळदीची घाई. मग एक दिवस दुकानात कापड नसतं आणि पाय मात्र चालूच राहतात. मी बसल्या जागी टाचा हलवत असते. मुलगी म्हणते, "आई, तुझ्या पायांत कुणी सेल घातलेत का?" तिला काय सांगू, हे शिलाईमुळे नाही, हे दिवसच तसे आहेत. सकाळी जव्हारच्या डेपोवर धुकं बसलेलं असतं. भाताची कापणी होऊन शेतं मोकळी पडलेली असतात. उन्हाला जरा पिवळेपणा आलेला असतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत असते, की तिकडे माहेरी, सूर्यमाळला आता वेली सुकत असतील.

वेल सुकणं ही काही वाईट गोष्ट नाही. आमच्या पाड्यात तर तिचीच वाट बघतात. पावसाळाभर जी वेल करवंदीच्या जाळीवर, सागाच्या बुंध्यावर नुसती पसरत असते, ती दिवाळीनंतर पानं टाकते आणि अंगातलं सगळं खाली नेऊन ठेवते. कंद तेव्हा भरतो. पण त्याला शोधायचं तर त्या सुकत्या दोरीनेच. दोरी हाताने धरायची, जाळीतून सोडवत सोडवत मातीपर्यंत जायचं आणि तिथे पहार घालायची. उशीर केला, वाऱ्याने दोरी तुटली, की संपलं. खाली कंद असतो, वर तुम्ही असता, आणि मधे काहीही नसतं. म्हणून या दिवसांत आमच्याकडचं माणूस एका जागी बसत नाही. माझं तर लग्न होऊन इतकी वर्षं झाली, जव्हारच्या भाड्याच्या खोलीत मातीच दिसत नाही, तरी पायांना कोण समजावणार?

परवा मुलीने फोन पुढे केला. "बघ, तुझ्या कामाचं आहे." अमेरिकेतली एक वेल होती. ओढ्याकाठी, दलदलीत वाढणारी. वर शेंगा धरतात आणि खाली कंद, तेही एकेकटे नाहीत, दोरीत ओवलेल्या मण्यांसारखे ओळीने. नाव तिने वाचून दाखवलं, अपिओस अमेरिकाना. तिकडची मूळची माणसं हे कंद खणून खायची, शेंगांतले दाणेही खायची. लावलीच कुणी, तर दोनतीन वर्षं थांबावं लागतं, तेव्हा कुठे कंद खाण्याजोगा होतो. व्हिडिओतल्या बाईने चिखलात हात घालून दोरी ओढली आणि एकामागून एक मणी वर आले. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. मुलगी हसली, पण मला त्या बाईच्या नखांतली माती ओळखीची वाटत होती.

सूर्यमाळला गेले तेव्हा आईलाही दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "डोकं परत पुरलं का तिनं?"

"ते दाखवलं नाही."

"मंग कसली खणणारी ती," आई म्हणाली आणि फोन परत दिला.

आमच्याकडे कंद काढला की त्याचं डोकं, म्हणजे वेल जिथून फुटते तो वरचा तुकडा, खड्ड्यात परत ठेवून माती लोटतात. त्याशिवाय कुणी टोपली उचलत नाही. दुसरी रीत गाठीची. पानं पिवळी पडायला लागली, वेल अजून ओली आहे, वळते आहे, तोवर तिला बुडाशी सैलसर गाठ मारून ठेवायची. ज्याने गाठ मारली, वेल त्याची. मग तो कामाला गेलेला असो, आजारी असो, भांडण झालेलं असो. गाठ बघून दुसरं माणूस पुढे जातं. घरातल्यांनी गाठ नव्याने मारलेली चालते, कारण वेल दरसाल नवी येते आणि जुनी गाठ जुन्या वेलीबरोबर सुकून जाते. पण खणायचं ज्याचं त्याने. पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या पाड्यातही मी परक्याची गाठ तोडलेली पाहिली नाही.

माझ्या बहिणीची एक गाठ तिथे आहे. बुधी माझ्याहून मोठी. बुधवारची जन्मली म्हणून बुधी. मी तिला बाय म्हणते.

तो सगळा हंगाम मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मी आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुट्टीला आले होते. बायचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं, नवरा पलीकडच्या पाड्यातला, आणि दोघं पहिल्यांदाच भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार होती. भट्टीवर जोडपं लागतं. एकटीला घेत नाहीत आणि एकट्यालाही नाही. आमचे आई-बाप जायचे, आता तिची पाळी. सगळ्या पाड्यात तीच गडबड चालली होती. मडकी उपडी घालणं, कोंबड्या शेजारी सोपवणं, गोधड्यांची गाठोडी. शेगडीवर नाचणीच्या भाकरी वाटेसाठी भाजल्या जात होत्या, आणि त्या खरपूस वासानेसुद्धा मला रडू येत होतं. सुट्टी माझी आणि जायची ती, हे मला पटत नव्हतं. मी तिच्या मागेमागे फिरत होते. ती अंगणात गेली की मी अंगणात, ती पाण्याला गेली की मी पाण्याला.

जायच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चला, कांद काढू. तठं कोण देणार माना?" आमच्या बोलीत माना म्हणजे मला. आई, ती आणि मी टेकडीवर गेलो. दव इतकं की पोटऱ्यांपर्यंत भिजलो. आमच्या त्या उतारावर गोडी वेल आणि कडू वेल शेजारी शेजारी आहेत. पानं असतात तेव्हा लहान मूलही सांगेल. गोडीच्या एका देठाला पाच पानं, कडूचं एकच मोठं, विड्याच्या पानासारखं. पानं गळाली की मात्र दोन्ही नुसत्या दोऱ्या. तेव्हा बुडाशी हात फिरवायचा. गोडीच्या बुडाला बारीक काटे असतात, कडूचं बूड गुळगुळीत. बायला हे डोळे मिटून कळायचं. लहानपणी ती माझे डोळे पदराने बांधायची आणि माझा हात वेलीवर ठेवून विचारायची, "सांग, कोणती?" मी चुकले की टपली.

आम्ही एक गोडा कंद काढला होता, दुसऱ्याला हात घातला होता, तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न आला. लांबलचक. नवऱ्याने खालून हाक मारली. बाय उठली, दोन पावलं गेली, मग परत वळली आणि जाळीत शिरली. गुडघ्यावर बसून तिने एका वेलीला गाठ मारली. तिचं नाक लाल झालेलं, डोळे भरलेले. मला म्हणाली, "ही माझी. माना सोडून कोण खणायचं नाय." मग उतारावरून धावत गेली. ट्रकमध्ये चढताना तिचे हात मातीने माखलेले होते. तिला ते धुवायलाही कुणी थांबू दिलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ट्रक गेल्यावर आई त्या जाळीपाशी गेली. बुडाशी हात फिरवला आणि तिथेच बसली. गाठ कडूकंदाला होती.

पाड्यात हसू झालं. गोडी शेजारी सोडून कडूला गाठ मारून गेली, नवऱ्याच्या नादात काटेही लागले नाहीत म्हणे! बायका पाण्यावर चिडवायच्या. आई एवढंच म्हणायची, "रडत व्हती पोर. समजलं नसंल." पण गाठ ती गाठ. पुढच्या पावसात वेल वर आली, तिला आईने बायच्या नावाने पुन्हा गाठ मारली. त्याच्या पुढच्या सालीही. शेजारची गोडी आम्ही दरसाल काढून, भाजून, मीठ लावून खाल्ली. कडूला कुणी शिवलं नाही. बाप गेला, आईचे केस पांढरे झाले, मी शिवण शिकून जव्हारला आले, आणि ती वेल दर पावसात वर येऊन दर थंडीत खाली जात राहिली.

बाय कंदांच्या हंगामात कधी आलीच नाही. भट्टीनंतर इमारतींची कामं लागली, आता तिचा नवरा विरारकडे एका अर्धवट इमारतीवर राखणदार आहे आणि ती तिथेच रेती-सिमेंटचं काम करते. खाडा झाला की दुसरी बाई उभीच असते. ती येते, नाही असं नाही. बापाच्या कार्याला आली होती. सकाळच्या गाडीने येते आणि दुपारच्या गाडीने जाते. आली की पिशवी खाली ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसते, चहा पितानाही. मला त्या पिशवीचा भारी संताप येतो. माणूस घरी आलंय की थांब्यावर बसलंय?

यंदा कोजागिरीच्या सुमाराला आईने टेकडीवर जाऊन गाठ मारली आणि खाली येऊन आडवी झाली ती दोन दिवस उठलीच नाही. गुडघे सुजलेले. मी गेले तेव्हा म्हणाली, "पुढल्या साली माना चढवायचं नाय. आता ती गाठ सोड म्हणावं. शेजारची सून विचारीत व्हती, तिला खणू दे."

"आणि बायचं काय?"

"तिचं घर तठं झालं आता."

मी चिडले. आईवर चिडायचं कारण नव्हतं, पण चिडले. बापाची जमीन नव्हती, झोपडी तर मुलींच्या नावावर कधी नसतेच. या डोंगरात बायचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, जाळीतली एक कडू दोरी. ती गाठ सुटली की बाय पाहुणी झाली, कायमची. आणि पाहुण्याला पिशवी मांडीवर घेऊन बसण्यावाचून दुसरं काय उरतं? मी जव्हारला आले ती फोन करतच.

"येते गं," बाय म्हणाली. "रविवारी येते."

तो रविवार गेला. पुढचाही गेला. स्लॅब आहे, ठेकेदार आहे, नवऱ्याला ताप आहे. बोलाचीच कढी. इकडे माझा जीव टांगणीला, कारण कडूकंद म्हणजे काही भाजून तोंडात टाकायची गोष्ट नाही. तसाच खाल्ला तर घसा धरतो, ओकाऱ्या होतात. त्याच्या चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, तेव्हा तो कडूपणा सोडतो. पाणी वाहतंच हवं. आणि आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ फाटलं तरी उन्हाळ्यात हंड्यासाठी दरी उतरावी लागते. ओहळ थंडीतच बारीक व्हायला लागतो. वेल तुटायच्या आत आणि ओहळ आटायच्या आत बायने यायला हवं होतं. मी रोज शेजारणीला फोन करून ओहळाला किती पाणी आहे ते विचारायला लागले. माझा नवरा जीप चालवतो, त्याने बरीच माणसं पाहिली आहेत. तो म्हणाला, "धरणावरचा साहेबसुद्धा पाण्याची एवढी चौकशी करत नाही." मी त्या आठवड्यात एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या. उसवत बसले आणि उसवता उसवता मनात म्हणत होते, ये ना, बाई, ये.

शेवटी एका सकाळी तिचाच फोन आला. "मी उतरली. अठं डेपोत हाय. तू कठं?"

मी मशीनवर कापड तसंच टाकून धावले. ती खांबाला टेकून उभी होती, वाळलेली, टाचांच्या भेगांत सिमेंट. पिशवी छातीशी. म्हणाली, "दुपारच्या गाडीनं परत जायचं हाय." मी हो म्हटलं. आणखी बोलले असते तर भांडण झालं असतं.

सूर्यमाळला पोचल्यावर आम्ही नको नको म्हणत असताना आई टेकडीवर आलीच. दहा पावलं चढायची, बसायची, आम्हाला शिव्या द्यायची, परत उठायची. वेल तुटायला आली होती. गाठ होती तिथे बाय गुडघ्यावर बसली, पिशवी माझ्याकडे दिली आणि दोर धरून माती उकरायला लागली. पहार फार लागली नाही. हातांनीच काढला तिने. चांगला दोन मुठींएवढा, अंगभर मुळांचे केस. त्याच्या खाली एक सुरकुतलेली, पोकळ साल सापडली.

"ह्यो गेल्या सालचा," आई म्हणाली.

मी ती साल हातात घेतली. इतकी वर्षं मला वाटत होतं की बायने गाठ मारली तो कंदच खाली बसून आहे, तिची वाट बघत. तसं नव्हतं. दरसाल जुना कंद वेलीला वर धाडून स्वतः संपत होता आणि नवा त्याच्या जागी बसत होता. राखली होती ती फक्त जागा. मला एकदम हुंदका आला. बाय म्हणाली, "तुला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माती गेली डोळ्यात." तिने कंदाचं डोकं कापून खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

घरी येऊन तिनेच चकत्या केल्या. पिवळ्याधमक. आईने चुलीतली राख चाळली. उकडून झाल्या तोवर दुपारची गाडी जायची वेळ झाली होती. बायने बाहेर बघितलं, मग चकत्या बांबूच्या टोपलीत भरल्या आणि ओहळाकडे निघाली. धार हाताच्या पंजाएवढी उरली होती, पण होती. दोन दगड रचून तिने टोपली बरोबर धारेखाली बसवली. वर आणखी एक दगड. परत आली, पदराला हात पुसले, पिशवी उचलली आणि भिंतीच्या खुंटीला अडकवली. एवढंच. आई चुलीतलं लाकूड पुढे सारत होती, ती सारतच राहिली.

थोड्या वेळाने बायच्या नवऱ्याचा फोन आला. "निघालीस का?" इतका मोठा आवाज की आम्हालाही ऐकू आलं.

"नाय," बाय म्हणाली. "कांद पाण्यात हाय. टाकून कशी येऊ?"

तो कधीकाळी याच डोंगरातला. म्हणाला, "बरं. माझ्यासाठी दोन घेऊन ये."

सांजेला आम्ही दोघी ओहळाशी बसलो. ऊन समोरच्या कड्यावर गेलं होतं. टोपलीतून निघणारं पाणी पिवळट होतं. मी सहज म्हटलं, "त्या दिवशी रडत होतीस ना, म्हणून चुकलीस. सगळा पाडा हसला होता तुला."

बायने टोपलीवरचा दगड जरा सरकवला. मग म्हणाली, "काटे नव्हते तठं. माझ्या हाताला समजत नाय का?"

"म्हणजे?"

"गोडा बांधला असता तर काय? आली, भाजला, खाल्ला, सांजच्याला गाडीत बसवून दिली असती तुम्ही. मी तरी काय बोलले असते? ह्याला एक रात लागते. एक रात तरी कोण हाकलायचं नाय, असं वाटलं. पोरगी व्हती मी." ती हसली. "मंग एक रात मिळायलाच एवढी सालं गेली."

जी चूक म्हणून पाणवठ्यावर बायका हसल्या, जी आईने रडण्यावर लोटून झाकली, ती चूक नव्हतीच. मी तिचा हात धरला. तळवा सिमेंटने खरखरीत झाला होता. किती वेळ बसलो कोण जाणे, अंधार पडायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे पाय हलत नव्हते.

सकाळी टोपली काढली. पाणी आता निवळ येत होतं. ओहळाशीच मी एक चकती उचलून जिभेवर ठेवली, मग चावली. कडूपणा गेला होता. नावालासुद्धा नव्हता. उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ, जराशी मातीची चव. मी आनंदाने काही म्हणणार, तेवढ्यात बायने एक चकती तोंडात घातली. सावकाश चावली. खुंटीला पिशवी होती त्या घराकडे एकदा बघितलं.

"अजून कडू हाय," ती म्हणाली.

मागून आई काठी टेकत आली होती. तिने टोपलीत हात घालून एक चकती घेतली आणि दात नाहीत त्या बाजूने बराच वेळ घोळवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"हां," आई म्हणाली. "कडू हाय अजून. आजची रातबी राहू दे पाण्यात."

मी टोपली परत धारेखाली ठेवली आणि वर दगड ठेवला.